परिस्थितीजन्य पुराव्यावरून खुनाची शिक्षा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अनेक खुनांना प्रत्यक्षदर्शी साक्षीदार नसतो. घराच्या बंद दारामागे, निर्जन रस्त्यावर किंवा अन्नातून दिलेल्या विषाने झालेल्या मृत्यूबाबत न्यायालयापुढे फक्त तुकडे येतात: मृतासोबत शेवटी कोण होते, कोणाकडून काय जप्त झाले, कोण काय खोटे बोलले. अशा तुकड्यांवरून एखाद्याला जन्मठेप किंवा फाशी देता येते का, आणि येत असेल तर कोणत्या अटींवर, याविषयी आरोपींचे व मृतांचे नातेवाईक, कायद्याचे विद्यार्थी आणि पंच म्हणून बोलावले गेलेले नागरिक जे प्रश्न विचारतात, त्यांची उत्तरे येथे दिली आहेत. ती भारतातील फौजदारी कायद्याला धरून आहेत. १ जुलै २०२४ पासून भारतीय दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता, १८७२ च्या पुराव्याच्या कायद्याच्या जागी भारतीय साक्ष्य अधिनियम आणि फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता लागू झाली. त्या तारखेपूर्वी घडलेल्या गुन्ह्यांना जुनी दंड संहिताच लागू राहते, म्हणून आवश्यक तेथे नवे आणि जुने असे दोन्ही कलम क्रमांक दिले आहेत.

परिस्थितीजन्य पुरावा म्हणजे नेमके काय?

"आरोपीने चाकू मारला आणि मी ते पाहिले" असे साक्षीदार शपथेवर सांगतो तेव्हा तो प्रत्यक्ष पुरावा असतो. "चाकू मारताना मी पाहिले नाही, परंतु रात्री दहा वाजता आरोपी मृतासोबत त्या खोलीत गेला आणि अर्ध्या तासाने एकटाच बाहेर पडला" असे तो सांगतो तेव्हा तो खुनाबद्दल काहीच सांगत नाही. तो दुसरीच एक वस्तुस्थिती सांगतो आणि तिच्यावरून खुनाचे अनुमान न्यायालयाला काढावे लागते. प्रत्यक्ष पुराव्यात न्यायाधीशापुढे मुख्य प्रश्न एकच असतो, तो म्हणजे साक्षीदार विश्वासार्ह आहे का. परिस्थितीजन्य पुराव्यात त्याला दोनदा थांबून विचार करावा लागतो. आधी सांगितलेली वस्तुस्थिती खरी आहे का हे पाहायचे, आणि ती खरी असेल तर तिच्यावरून काय निष्पन्न होते आणि काय होत नाही हे ठरवायचे. या दोन पायऱ्यांची गल्लत झाली की चुकीचे निकाल लागतात.

केवळ अशा पुराव्यावर खुनाची शिक्षा होऊ शकते का?

होय. खुनाची शिक्षा भारतीय न्याय संहितेच्या कलम १०३(१) मध्ये, म्हणजे जुन्या कलम ३०२ मध्ये, सांगितली आहे: मृत्युदंड किंवा जन्मठेप, आणि दंड. गुन्हा कोणत्या प्रकारच्या पुराव्याने शाबीत करावा याचे बंधन त्यात नाही. साक्ष्य अधिनियमाच्या कलम १३९ नुसार, जुन्या कलम १३४ नुसार, कोणतीही वस्तुस्थिती सिद्ध करण्यासाठी साक्षीदारांची ठरावीक संख्या लागत नाही. पुराव्याच्या प्रकारावरून तो वरचा किंवा खालचा अशी उतरंड कायद्याने लावलेली नाही. मात्र परिस्थितीजन्य पुराव्यावर दोषसिद्धी करताना कोणती काळजी घ्यायची, याची शिस्त सर्वोच्च न्यायालयाने गेल्या सात दशकांत निकालांमधून घालून दिली आहे, आणि ती खालच्या न्यायालयांवर बंधनकारक आहे.

"माणूस खोटे बोलतो, परिस्थिती खोटे बोलत नाही" हे खरे आहे ना?

हे वाक्य न्यायालयांत वारंवार ऐकू येते आणि काही निकालांतही त्याचा आधार घेतलेला आढळतो. आमच्या मते ते अर्धेच खरे आहे. परिस्थिती स्वतः साक्षीच्या पिंजऱ्यात येत नाही. तीसुद्धा माणसांच्याच तोंडून न्यायालयापुढे येते. जप्तीचा पंच खोटे बोलू शकतो, शेजाऱ्याची वेळेबाबत चूक होऊ शकते, मुद्देमालाचे सील नीट लावलेले नसते. आणि सर्व वस्तुस्थिती निर्विवाद असली तरी तिचा अर्थ लावणारे मन घसरू शकते.

या दुसऱ्या धोक्याचा इशारा इंग्लंडमधील हॉज खटल्यात १८३८ मध्ये न्यायाधीश बॅरन अल्डरसन यांनी ज्युरीला दिला होता. घटना एकमेकींशी जुळवून बघण्यात मनाला एक प्रकारचा आनंद वाटतो, त्या एकसंध दिसाव्यात म्हणून मन त्यांना थोडे ताणतेसुद्धा, आणि माणूस जितका कल्पक तितका तो स्वतःची फसगत करून घेण्याचा संभव जास्त, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय होता. सर्वोच्च न्यायालयाने १९५२ मध्ये हनुमंत गोविंद नरगुंदकर विरुद्ध मध्य प्रदेश राज्य या निकालात तो इशारा उद्धृत केला. लक्षात घेण्यासारखी गोष्ट अशी की तो खटला खुनाचा नव्हताच. सरकारी निविदेच्या संदर्भातील बनावट कागदपत्रांचा होता, आणि त्यात आरोपी निर्दोष सुटले. तरीही आज देशात परिस्थितीजन्य पुराव्यावरील खुनाचा कोणताही निकाल वाचला तर त्यातील विवेचनाचे मूळ बहुधा त्या निकालापर्यंत जाते.

न्यायालय कोणत्या कसोट्या लावते?

शरद बिरधीचंद सारडा विरुद्ध महाराष्ट्र राज्य या १९८४ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने पाच कसोट्या मांडल्या आणि त्यांना परिस्थितीजन्य पुराव्याचे "पंचशील" म्हटले. ज्या परिस्थितींवरून दोषाचे अनुमान काढायचे त्या प्रत्येक पूर्णपणे सिद्ध झालेल्या असाव्यात. सिद्ध झालेल्या वस्तुस्थिती आरोपी दोषी असल्याच्या गृहितकाशीच सुसंगत असाव्यात, म्हणजे त्यांचा दुसरा कोणताही उलगडा होऊ नये. त्या निर्णायक स्वरूपाच्या असाव्यात. सिद्ध करावयाचे गृहितक सोडून इतर प्रत्येक शक्य गृहितक त्यांनी बाद करावे. आणि पुराव्याची साखळी इतकी पूर्ण असावी की आरोपी निर्दोष असल्याच्या निष्कर्षाला वाजवी जागाच उरू नये आणि कृत्य त्यानेच केले असले पाहिजे असे मानवी व्यवहाराच्या सर्व संभाव्यतेनुसार दिसावे.

यातील पहिली कसोटी सर्वांत सोपी वाटते, पण व्यवहारात सर्वाधिक वेळा तीच मोडली जाते. शिवाजी साहेबराव बोबडे विरुद्ध महाराष्ट्र राज्य या १९७३ च्या निकालात न्यायालयाने बजावले की आरोपी दोषी "असू शकेल" आणि दोषी "असलाच पाहिजे" यांत फार मोठे अंतर आहे, आणि धूसर तर्काला खात्रीशीर निष्कर्षापासून वेगळे करणारे तेच अंतर आहे. दहा अर्धवट सिद्ध गोष्टी एकत्र करून एक पूर्ण सिद्ध गोष्ट तयार होत नाही. म्हणून दोषारोपपत्रात बारा परिस्थिती मांडल्या आहेत की पाच, याला फारसे महत्त्व नाही. त्यांतील किती कडक तपासणीनंतर उभ्या राहतात आणि उभ्या राहिलेल्या परिस्थितींतून दुसरी वाट निघते का, हे पाहायचे असते.

हे तत्त्व प्रत्यक्षात कसे चालते, उदाहरण देता येईल का?

पुण्याशी संबंधित दोन विषप्रयोगाचे खटले शेजारी ठेवून वाचावेत. आमच्या मते या विषयाचे मर्म त्या दोन निकालांत मिळून जितके स्पष्ट होते तितके कोणत्याही व्याख्येत होत नाही.

पहिला अनंत चिंतामण लागू विरुद्ध मुंबई राज्य. आरोपी डॉक्टर होते. मधुमेह असलेल्या एका सधन विधवेवर ते उपचार करीत आणि तिच्या आर्थिक व्यवहारांतही त्यांचा सहभाग होता. नोव्हेंबर १९५६ मध्ये तज्ज्ञाला दाखवण्यासाठी म्हणून ते तिला रात्रीच्या गाडीने पुण्याहून मुंबईला घेऊन निघाले. मुंबईत पोहोचली तेव्हा ती बेशुद्ध होती आणि रुग्णालयात तिचा मृत्यू झाला. मृतदेहाच्या रासायनिक तपासणीत कोणतेही विष आढळले नाही, आणि मृत्यूचे कारण सुरुवातीला मधुमेहजन्य बेशुद्धी असे नोंदले गेले. विषच सापडले नाही तर विषप्रयोग कसा सिद्ध होणार, असा बचाव होता. परंतु रुग्णालयात तिची खरी ओळख न देणे, नातेवाइकांना मृत्यूची खबर न देणे, ती जिवंत आहे असे भासवणारी पत्रे तिच्या नावाने पाठवणे आणि त्या काळात तिची मालमत्ता गिळंकृत करणे, हे सर्व वर्तन सिद्ध झाले. सहज शोध लागणार नाही असे विष निवडण्याइतके ज्ञान आरोपीला होते हेही न्यायालयाने विचारात घेतले. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर १९५९ मध्ये बहुमताने फाशी कायम केली. तीनपैकी एका न्यायाधीशांचे मत मात्र वेगळे होते. मृत्यू अनैसर्गिक होता हेच सरकार पक्ष सिद्ध करू शकला नाही, असे त्यांना वाटले. हे विरोधी मत विद्यार्थ्यांनी अवश्य वाचावे, कारण एकाच पुराव्यापुढे बसलेल्या तीन अनुभवी न्यायाधीशांमध्ये असा मतभेद होऊ शकतो, ही गोष्ट या पुराव्याबद्दल पुष्कळ सांगून जाते.

दुसरा वर उल्लेखिलेला सारडा खटला. १९८२ मध्ये पुण्यात एका नवविवाहितेचा सायनाइडने मृत्यू झाला. येथे विष निर्विवादपणे सापडले होते. सत्र न्यायालयाने पतीला फाशी सुनावली आणि मुंबई उच्च न्यायालयाने ती कायम केली. सर्वोच्च न्यायालयाने मात्र त्याला निर्दोष सोडले. विषप्रयोगाच्या खटल्यात आरोपीचा स्पष्ट हेतू, मृत्यू त्याच विषाने झाला ही बाब, विष आरोपीच्या ताब्यात होते ही बाब आणि ते देण्याची त्याला मिळालेली संधी अशा चार गोष्टी सिद्ध व्हाव्या लागतात, असे न्यायालयाने म्हटले. आरोपीकडे सायनाइड होते याचा पुरावा नव्हता. शिवाय मृत तरुणीने बहीण व मैत्रिणीला लिहिलेल्या पत्रांतून तिची खोल मानसिक व्यथा दिसत होती आणि तिने आत्महत्या केली असण्याची शक्यता वाजवीपणे बाद करता येत नव्हती.

म्हणजे विष न सापडलेल्या खटल्यात शिक्षा कायम राहिली आणि विष सापडलेल्या खटल्यात आरोपी सुटला. वरवर पाहता हे उलटे वाटते. परंतु दोन्ही वेळा न्यायालयाने एकच प्रश्न विचारला: सिद्ध झालेल्या सर्व गोष्टी खऱ्या मानल्या तर दुसरे कोणते वाजवी स्पष्टीकरण शिल्लक राहते? पहिल्या खटल्यात बहुमताला असे स्पष्टीकरण दिसले नाही, दुसऱ्यात ते समोर उभे होते.

मृत व्यक्ती शेवटची आरोपीसोबत दिसली होती, एवढे पुरेसे आहे का?

सर्वसाधारणपणे नाही. "शेवटचे एकत्र दिसणे" या परिस्थितीचे बळ वेळेच्या अंतरावर अवलंबून असते. उत्तर प्रदेश राज्य विरुद्ध सतीश या २००५ च्या निकालानुसार, आरोपी व मृत एकत्र दिसले ती वेळ आणि मृतदेह सापडला ती वेळ यांत इतके कमी अंतर हवे की मधल्या काळात तिसरी व्यक्ती आली असण्याची शक्यता उरू नये. पुढे २०१४ मध्ये कन्हैयालाल विरुद्ध राजस्थान राज्य या खटल्यात न्यायालयाने स्पष्ट केले की केवळ शेवटचे एकत्र दिसणे एवढ्यावरून आरोपीनेच खून केला असा निष्कर्ष निघत नाही. त्याला गुन्ह्याशी जोडणारे आणखी काही हवे.

जागाही महत्त्वाची असते. बाजारात एकत्र दिसणे आणि कुलूपबंद खोलीत एकत्र असणे यांचे वजन सारखे नाही. मृत्यूची वेळ शवविच्छेदन अहवालात तासांच्या पट्ट्यात दिलेली असते, मिनिटांत नव्हे, म्हणून उलटतपासात बचाव पक्ष याच मुद्द्यावर सर्वाधिक वेळ खर्च करतो आणि ते योग्यच असते.

पत्नीचा मृत्यू घरात झाला आणि घरात फक्त पती होता. तेथे स्वतःला निर्दोष सिद्ध करण्याची जबाबदारी पतीवर येते का?

या प्रश्नाबाबत दोन्ही बाजूंनी गैरसमज आहेत. साक्ष्य अधिनियमाच्या कलम १०९ नुसार, जुन्या कलम १०६ नुसार, एखादी वस्तुस्थिती विशेषत्वाने ज्याच्या ज्ञानात आहे तिच्या सिद्धतेचा भार त्याच्यावर असतो. याचा अर्थ सरकार पक्षाने हात झटकावेत असा नाही. शंभूनाथ मेहरा विरुद्ध अजमेर राज्य या १९५६ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की गुन्हा सिद्ध करण्याच्या मूळ जबाबदारीतून हे कलम सरकार पक्षाला मुक्त करत नाही. ते अपवादात्मक प्रसंगांसाठी आहे.

त्याच वेळी घराच्या चार भिंतींत घडलेल्या खुनात बाहेरचा साक्षीदार मिळणे जवळजवळ अशक्य असते, हे वास्तवही कायद्याने स्वीकारले आहे. त्रिमुख मारोती किरकण विरुद्ध महाराष्ट्र राज्य या २००६ च्या निकालात पत्नीचा मृत्यू सर्पदंशाने झाल्याचा दावा होता; वैद्यकीय पुराव्यातून मात्र गळा दाबल्याचे निष्पन्न झाले. न्यायालयाने म्हटले की अशा खटल्यात प्रारंभिक भार सरकार पक्षावरच राहतो, परंतु लागणाऱ्या पुराव्याचे प्रमाण इतर खटल्यांइतके असण्याची अपेक्षा करता येत नाही, आणि घरात राहणाऱ्यांनी मृत्यू कसा झाला याचे पटण्याजोगे स्पष्टीकरण दिले पाहिजे. त्यांनी गप्प राहणे किंवा खोटे स्पष्टीकरण देणे ही साखळीतील आणखी एक कडी ठरते.

म्हणून क्रम महत्त्वाचा आहे. मृत्यू हा खूनच आहे आणि त्या वेळी आरोपी घरात होता, या दोन गोष्टी आधी सरकार पक्षाने सिद्ध करायच्या. त्यानंतरच स्पष्टीकरणाची अपेक्षा. पती त्या रात्री घरात होता हेच सिद्ध झालेले नसताना "त्याने स्पष्टीकरण दिले नाही" असे म्हणून त्याला शिक्षा देणे म्हणजे कायद्याचा क्रम उलटा करणे होय. दुसरीकडे, घरात जिवाला मुकलेल्या स्त्रियांच्या खटल्यांत कोणी पाहिले नाही एवढ्याच कारणाने आरोपी सुटू नये ही त्रिमुख निकालामागची चिंता अत्यंत रास्त आहे, आणि तिचा विसर पडता कामा नये.

आरोपीने पोलिसांना हत्यार काढून दिले. हा कबुलीजबाबच नाही का?

पोलिसांपुढे दिलेला कबुलीजबाब आरोपीविरुद्ध वापरता येत नाही. याला एक मर्यादित अपवाद आहे. तो पूर्वी पुराव्याच्या कायद्याच्या कलम २७ मध्ये होता आणि आता साक्ष्य अधिनियमाच्या कलम २३ च्या परंतुकात, म्हणजे कलमाला जोडलेल्या अपवादाच्या वाक्यात, आहे. कोठडीतील आरोपीने दिलेल्या माहितीमुळे एखादी वस्तुस्थिती उघडकीस आली, तर त्या शोधाशी स्पष्टपणे संबंधित असलेला तेवढाच भाग पुराव्यात घेता येतो. १९४६ च्या अखेरीस प्रिव्ही कौन्सिलने, म्हणजे ब्रिटिश काळातील सर्वोच्च अपील न्यायालयाने, पुलुकुरी कोटय्या खटल्यात याचा आजही प्रमाण मानला जाणारा अर्थ लावला. "माझ्या घराच्या छपरात लपवलेला चाकू मी काढून देतो" हा भाग ग्राह्य. "ज्याने मी अमुक व्यक्तीला भोसकले" हे त्यापुढचे शब्द अग्राह्य. चाकू फार पूर्वीपासून अस्तित्वात असतो; येथे उघडकीस येते ती तो लपवलेली जागा आणि त्या जागेविषयी आरोपीला असलेले ज्ञान.

याचाच परिणाम असा की हत्यार मिळाले एवढ्याने खून सिद्ध होत नाही. त्याच हत्याराने जखमा झाल्या हे वैद्यकीय पुराव्यातून आणि त्यावरील रक्त मृताचे आहे हे प्रयोगशाळेच्या अहवालातून जोडावे लागते. हत्यार सर्वांना ये-जा करता येईल अशा उघड्या जागेवर पडलेले असेल, पोलिसांना ती जागा आधीच ठाऊक असेल, किंवा निवेदन पंचनामा आणि जप्ती पंचनामा यांतील वेळा जुळत नसतील, तर जप्तीचे वजन घटते. पंच म्हणून सही करणाऱ्या नागरिकांना आमची कळकळीची विनंती आहे की जे आपण पाहिले नाही त्यावर सही करू नये. पोलीस ठाण्यात बसून केलेली एक सही पुढे खऱ्या गुन्हेगाराला सोडवू शकते किंवा निरपराध माणसाला तुरुंगात पाठवू शकते. नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १०५ ने झडती व जप्तीचे दृकश्राव्य चित्रीकरण करणे आवश्यक केले आहे. ते प्रामाणिकपणे झाले तर यातील बरेच वाद मिटतील.

खुनाचा हेतू सिद्ध झालाच पाहिजे का?

प्रत्यक्षदर्शी साक्षीदार असेल तर हेतू दुय्यम ठरतो. परिस्थितीजन्य पुराव्यात तो महत्त्वाचा दुवा असतो, आणि तो अजिबात सिद्ध झाला नाही तर ती गोष्ट आरोपीच्या बाजूने झुकते. मात्र इतर साखळी निर्विवाद असेल तर केवळ हेतू सापडला नाही म्हणून खटला कोसळत नाही, कारण हेतू माणसाच्या मनात दडलेला असतो. उलट बाजूही सांगायला हवी: वैर हेतू पुरवते, तसेच खोट्या आरोपाचे कारणही पुरवते.

आरोपी खोटे बोलला किंवा फरार झाला. यावरून काय ठरते?

फारसे नाही. निरपराध माणूसही अटकेच्या भीतीने पळतो, हे न्यायालयांनी अनेकदा मान्य केले आहे. खोट्या बचावाबद्दल सारडा निकालात नेमके सांगितले आहे: साखळी आधीच पूर्ण असेल तर खोटे स्पष्टीकरण ही जादा कडी म्हणून धरता येते, परंतु साखळीतील रिकामी जागा भरण्यासाठी ते वापरता येत नाही. सरकार पक्षाचा खटला स्वतःच्या पायावर उभा राहिला पाहिजे. बचावाच्या दुबळेपणावर नव्हे. आपण घटनेच्या वेळी अन्यत्र होतो असा बचाव आरोपीने घेतला तर तो त्याने सिद्ध करायचा असतो, पण तो फसला म्हणून खून आपोआप सिद्ध होत नाही.

मृतदेह सापडला नाही तर खुनाचा खटला चालू शकतो का?

चालू शकतो आणि शिक्षाही होऊ शकते. जुन्या इंग्रजी परंपरेत मृतदेहाशिवाय खुनाची शिक्षा देऊ नये असा सावधगिरीचा नियम सांगितला जाई. भारतात तो कायदेशीर बंधन म्हणून मानला जात नाही. रामानंद विरुद्ध हिमाचल प्रदेश राज्य या १९८१ च्या आणि सेवक पेरुमल विरुद्ध तामिळनाडू राज्य या १९९१ च्या निकालांत हे स्पष्ट झाले आहे. तसे नसते तर मृतदेह पूर्णपणे नष्ट करणारा गुन्हेगार सर्वांत सुरक्षित ठरला असता. मात्र मृत्यू झाला आणि तो मनुष्यवधाने झाला, या गोष्टी अन्य विश्वासार्ह पुराव्याने सिद्ध कराव्या लागतात. बेपत्ता माणूस जिवंत असू शकतो ही शक्यता बाद होईपर्यंत पुढे जाता येत नाही.

मोबाइलचे लोकेशन आणि सीसीटीव्ही चित्रीकरण निर्णायक असते का?

मोबाइलच्या कॉल नोंदींवरून तो कोणत्या मनोऱ्याच्या कक्षेत होता एवढे कळते. ती कक्षा मोठी असू शकते, आणि फोन तेथे होता म्हणजे माणूस तेथे होता असेही नाही. तरीही आरोपी "मी त्या रात्री गावाबाहेर होतो" असे म्हणत असेल, तर ही नोंद त्याच्या म्हणण्याची चांगली परीक्षा घेते.

इलेक्ट्रॉनिक पुराव्याबाबत खटले बहुतेकदा प्रमाणपत्रावर अडतात. मूळ उपकरण न्यायालयात हजर न करता त्यातील नोंदीची प्रत द्यायची असेल तर साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खालील, जुन्या कलम ६५-ब खालील, प्रमाणपत्र आवश्यक आहे. अन्वर विरुद्ध बशीर या २०१४ च्या निकालाने हे ठरवले आणि अर्जुन पंडितराव खोतकर विरुद्ध कैलास किशनराव गोरंट्याल या २०२० च्या निकालाने ते पक्के केले. हे दोन्ही वाद निवडणुकीचे होते, परंतु खुनाच्या खटल्यांवर त्यांचा परिणाम मोठा झाला आहे. चांगले चित्रीकरण हाती असूनही तपास अधिकाऱ्याने प्रमाणपत्र घेतले नाही म्हणून ते पुराव्यातून वगळले जाते, तेव्हा तो मृताच्या कुटुंबावर झालेला अन्यायच असतो.

डीएनए, पोलिसांचा कुत्रा, नार्को चाचणी यांचे स्थान काय?

तिन्हींचे स्थान अगदी वेगवेगळे आहे. डीएनए अहवाल हा तज्ज्ञाचा पुरावा आहे आणि तो बळकट असू शकतो, परंतु नमुना कोणी घेतला, तो कोठे आणि किती दिवस ठेवला, सील शाबूत होते का, प्रयोगशाळेत कोणती पद्धत वापरली, हे सिद्ध झाल्याशिवाय नुसत्या अहवालाला अर्थ नाही. शिवाय आरोपीचा डीएनए घटनास्थळी मिळणे त्याच्या तेथील उपस्थितीबद्दल सांगते. तो तेथे राहतच असेल तर त्यातून काही विशेष निघत नाही.

कुत्र्याने दाखवलेला माग तपासाला दिशा देतो. अब्दुल रझाक मुर्तझा दाफेदार विरुद्ध महाराष्ट्र राज्य या निकालात न्यायालयाने त्याला फारसे वजन दिले नाही; कुत्र्याचा उलटतपास घेता येत नाही हा त्यावरील एक प्रसिद्ध आक्षेप आहे. नार्को (औषधाच्या अमलाखाली प्रश्न विचारणे), पॉलिग्राफ (खोटे पकडण्याची चाचणी) आणि मेंदूच्या लहरींची चाचणी आरोपीच्या संमतीविना करणे हा राज्यघटनेच्या अनुच्छेद २०(३) चा, म्हणजे स्वतःविरुद्ध साक्ष देण्याची सक्ती न होण्याच्या हक्काचा, भंग ठरतो, असे सेल्वी विरुद्ध कर्नाटक राज्य या २०१० च्या निकालाने ठरवले आहे.

न्यायाधीश आरोपीला शेवटी प्रश्न विचारतात, त्याला महत्त्व असते का?

अतिशय. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३५१ खाली, जुन्या कलम ३१३ खाली, आरोपीविरुद्ध पुराव्यात आलेली प्रत्येक परिस्थिती त्याला समजेल अशा भाषेत सांगून त्याचे म्हणणे विचारावे लागते. जी परिस्थिती त्याला विचारलीच नाही ती त्याच्याविरुद्ध वापरता येत नाही, असे सारडा निकालात म्हटले आहे. आरोपीला मौन बाळगता येते. पण परिस्थितीजन्य पुराव्याच्या खटल्यात "मला माहीत नाही, खोटे आहे" अशी यांत्रिक उत्तरे शंभर प्रश्नांना देणे बहुधा बचावाच्या हिताचे नसते. ज्याच्याजवळ खरे स्पष्टीकरण आहे त्याने ते येथे दिले पाहिजे, शक्य असल्यास लेखी.

अशा पुराव्यावर फाशी देता येते का?

कायद्याची मनाई नाही; वर सांगितलेला डॉक्टर अनंत लागू यांचा खटला त्याचे उदाहरण आहे. १९८० च्या बच्चनसिंग निकालानंतर मृत्युदंड "दुर्मिळातील दुर्मीळ" प्रकरणांपुरता मर्यादित झाला. २०१९ मध्ये रविशंकर विरुद्ध मध्य प्रदेश राज्य या निकालात सर्वोच्च न्यायालयाने "उरलेल्या शंके"चा विचार मांडला: दोषसिद्धीसाठी पुरावा पुरेसा असला तरी मनात काही किंचित शंका शिल्लक असेल, तर ती परत न घेता येणाऱ्या शिक्षेच्या आड यावी. परिस्थितीजन्य पुराव्याच्या बाबतीत हा विचार आम्हाला अत्यावश्यक वाटतो. जन्मठेप भोगणारा माणूस नंतर निर्दोष ठरला तर त्याला निदान घरी तरी पाठवता येते.

"संशयाचा फायदा" मिळून सुटलेला आरोपी खरे तर दोषी असतो का?

असे समजणे चुकीचे आहे. संशय कितीही गडद असला तरी तो पुराव्याची जागा घेऊ शकत नाही, हे तत्त्व सर्वोच्च न्यायालयाने २०१३ च्या सुजित बिस्वास विरुद्ध आसाम राज्य या निकालासह अनेकदा सांगितले आहे. पुराव्यातून दोन वाजवी निष्कर्ष निघत असतील तर आरोपीच्या बाजूचा निष्कर्ष स्वीकारायचा असतो. मात्र शंका वाजवी असली पाहिजे. कल्पनेने रचलेल्या दूरच्या शक्यतेला वाजवी शंका म्हणत नाहीत. निर्दोष मुक्ततेविरुद्ध राज्य अपील करू शकते, आणि नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४१३ च्या परंतुकानुसार, जुन्या कलम ३७२ नुसार, पीडितालाही तो हक्क आहे. मृताचे वारस त्यात येतात. अपिलात निर्दोषत्वाचे गृहीतक खालच्या निकालामुळे अधिक बळकट झालेले असते, म्हणून "पुरावा वेगळ्या तऱ्हेनेही वाचता येतो" एवढे म्हणून अपील यशस्वी होत नाही.

मृताच्या नातेवाइकांनी सुरुवातीच्या दिवसांत काय करावे?

पहिले काही दिवस सर्वांत मोलाचे असतात. सीसीटीव्हीचे जुने चित्रीकरण ठरावीक दिवसांनी आपोआप पुसले जाते, म्हणून परिसरातील कॅमेऱ्यांची यादी करून ते जतन करण्याची लेखी मागणी तपास अधिकाऱ्याकडे लगेच करावी आणि पोच घ्यावी. मृताचा मोबाइल स्वतः उघडून पाहू नये, घटनास्थळ धुऊ नये, कपडे धुऊ नयेत. सात वर्षे किंवा अधिक शिक्षेच्या गुन्ह्यांत न्यायवैद्यक तज्ज्ञाने घटनास्थळाला भेट देण्याची तरतूद नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७६(३) मध्ये आहे. राज्यांनी ती पाच वर्षांच्या आत टप्प्याटप्प्याने अमलात आणायची आहे, म्हणून ती आपल्याकडे लागू झाली आहे का हे विचारावे. मृताने पाठवलेली पत्रे, संदेश आणि केलेल्या तक्रारी मूळ स्वरूपात सांभाळाव्यात. आणि पोलिसांना जबाब देताना जे पाहिले तेच सांगावे. आरोपीला शिक्षा व्हावी या तळमळीने नंतर जोडलेला एखादा तपशील उलटतपासात सुधारित विधान म्हणून उघडा पडतो, आणि त्याच्यासोबत त्या साक्षीदाराने सांगितलेली खरी गोष्टसुद्धा न्यायालय बाजूला ठेवू शकते.